गूळ आमचा, पिशवी कोणाची?

कोल्हापूरच्या गुळाचें नांव ज्यानें ऐकलें नाहीं असा मनुष्य महाराष्ट्रांत व गुजराथेंत विरळा. पण ज्या हातांनीं हा गूळ काढिला त्या हातांचें नांव कोणासच ठाऊक नाहीं. पुण्यामुंबईच्या दुकानांत अर्ध्या किलोची चकचकीत पिशवी मिळते. तिच्यावर भरणाराचें नांव, विकणाराचें नांव, वजन, किंमत, सर्व कांहीं छापलेलें असतें. करवीर, पन्हाळा, कागल या तालुक्यांतल्या ज्या शेतकऱ्याच्या काहिलींत तो गूळ शिजला त्याचा पत्ता मात्र तिच्यावर शोधून सांपडत नाहीं. शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, या पिशवीविषयींच आज आपल्याशीं बोलावयाचें आहे.

गुऱ्हाळाचें काम ज्यानें केलें आहे त्यास तें सांगावयास नको. पण ज्यानें गूळ नुसता खाल्ला आहे त्यानें एकदां ऐकावें. ऊस तोडून आणावयाचा, घाण्याला लावावयाचा, रस काहिलींत घेऊन चुलवाणाला चिपाडांचा जाळ द्यावयाचा. चुन्याची निवळी व रानभेंडीचें पाणी घालून वर आलेली मळी काढावयाची. पाक ११८ अंशांच्या सुमारास आला कीं उतरावयाचा. गुळव्यापाशीं उष्णतामापक नसतो. तो पाकाचा थेंब थंड पाण्यांत टाकतो, बोटांत त्याची गोळी करून पाहतो आणि सांगतो, आतां उतरा. घटकाभर उशीर झाला तर गूळ जळतो, घटकाभर घाई झाली तर तो पावसाळ्यांत पाझरतो. ही विद्या कोणत्याही शाळेच्या पुस्तकांत नव्हती. बापापासून मुलानें घेतली. एवढें करून एक टन उसापासून हातीं येतो सुमारें शंभर ते एकशेंवीस किलो गूळ.

हा गूळ मग सौद्याला जातो. करवीरच्या शाहू महाराजांनीं १८९५ सालीं शाहूपुरीची पेठ वसविली ती आपल्या मुलखांतल्या गुळाला हक्काचा बाजार मिळावा म्हणून. त्या पेठेनें गुळाला नांव दिलें यांत शंका नाहीं. पण भावाचें काय? जो ऊस साखर कारखान्यास जातो त्याला सरकारनें ठरविलेला किमान दर आहे, आणि चौदा दिवसांच्या आंत पैसे द्यावे असें १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशांत लिहिलेलें आहे. कारखाने तें पाळतात कीं नाहीं हा निराळा तंटा. निदान भांडावयास कागद तरी आहे. तोच ऊस गुऱ्हाळांत गेला कीं त्याच्या गुळास असा कांहीं आधार उरत नाहीं. सौद्यांत जो भाव निघेल तो घ्यावा, नाहीं तर गाडी परत न्यावी. आणि परत कोण नेतो? घरीं ठेवण्यास कोरडी जागा नाहीं, सावकाराचा तगादा दारांत उभा आहे. म्हणून कित्येकांनीं गुऱ्हाळ बंद करून ऊस सरळ कारखान्याला घातला. एक चुलवाण थंड झालें म्हणजे एक गुळव्या, घाण्यावरचे चार गडी व रवे बांधणाऱ्या बाया, एवढ्यांचा हंगामाचा रोजगार गेला.

आतां थोडा हिशोब करूं. समजा, सौद्यांत किलोला चाळीस रुपये मिळाले आणि तोच गूळ शहरांत पिशवींत भरून ऐंशीला विकला गेला. मधले चाळीस कोठें गेले? कांहीं गाडीभाड्यांत, कांहीं हमालींत, कांहीं दुकानदाराच्या नफ्यांत, आणि तें योग्यच आहे. फुकट कोणी काम करीत नाहीं. पण त्यांतला मोठा वांटा भरणें, तोलणें, छापणें व साठविणें या चार कामांचा आहे, आणि यांतलें एकही काम असें नाहीं कीं जें आमच्या घरच्या माणसांस येणार नाहीं. साठवणुकीकडे तर विशेष लक्ष द्यावें. गुळाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं संपतो. गणपतीचे मोदक मात्र भर पावसाळ्यांत होतात. गुजराथेंतले व्यापारी आमचाच गूळ हंगामांत उचलून शीतगृहांत ठेवितात आणि गिऱ्हाईक दारांत आलें म्हणजे बाहेर काढितात. त्यांचा दोष काढण्यांत अर्थ नाहीं. त्यांनीं थांबण्याची सोय केली, आम्ही केली नाहीं.

पिशवी भरणें म्हणजे नुसती प्लॅस्टिकची थैली शिवणें नव्हे. गूळ हवेंतलें पाणी ओढतो. ओलसर गूळ भरला तर महिनाभरांत पिशवीचा चिखल होतो, आणि एकदां फसलेलें गिऱ्हाईक परत येत नाहीं. म्हणून गूळ पुरता वाळवून, लहान रव्यांत, वड्यांत किंवा भुकटींत करून हवाबंद भरला पाहिजे. काकवी १०५-१०६ अंशांवर उतरवून स्वच्छ कोरड्या बाटलींत भरावी. तिला तर मुलाबाळांच्या घरांतून कधींच तोटा नाहीं. पिशवीवर मालाचें नांव, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना, कमाल किंमत आणि करणाराचें नांव व पत्ता छापणें कायद्यानें भाग आहे. अन्नसुरक्षेच्या खात्याकडे नोंदणीही लागते. हे कागद पाहून आमचे लोक घाबरतात. पण ज्या घरांत बारावी शिकलेली सून किंवा मुलगी आहे, त्या घरानें या कागदांना भिण्याचें कारण नाहीं. तिला शिकविली ती नुसती चूल फुंकण्यासाठीं काय?

आतां एक कडू गोष्ट सांगतों. आपल्याच माणसांनीं ती कानाआड करूं नये. शहरच्या गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ आवडतो, म्हणून आमच्यांतलेच कांहीं जण पाकांत हायड्रॉस टाकतात. गुळांत गंधकाचा अंश दर दशलक्ष भागांत ७० भागांहून अधिक असूं नये असा नियम आहे. मूठभर पूड अंदाजानें टाकणाराला हा नियम कोठून कळणार? कांहीं जण तर स्वस्त साखर काहिलींत ओतून गूळ म्हणून विकतात. व्यापारी लुटतो म्हणून आम्ही ओरडतों आणि आम्ही स्वतः खाणाराच्या लेकरांस काय देतों हें पाहत नाहीं. कोल्हापुरांतच प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. कोणता ऊस गुळाला चांगला, भेंडी किती घालावी, रंग औषधावांचून कसा येतो, हें तेथें विचारतां येतें. चांगला तपकिरी गूळ हा वाईट गूळ नव्हे, हें गिऱ्हाइकाला सांगण्याची जागा म्हणजे सुद्धां तीच पिशवी.

२०१४ सालीं कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालें. म्हणजे, ठरलेल्या मुलखांत न झालेल्या गुळास कोल्हापुरी म्हणण्याची कोणास मुभा राहिली नाहीं. तरी परमुलखाचा गूळ याच नांवानें विकला जातो, आणि आम्ही चहाच्या टपरीवर त्याविषयीं हळहळतों. ज्याला मानांकनाचें चिन्ह आपल्या मालावर लावावयाचें आहे त्यानें अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलें नांव नोंदवावें लागतें. या अर्जाची फी २०२० च्या नियमांनीं पांचशें रुपयांवरून दहा रुपयांवर आणली. दहा रुपये! एवढ्या पैशांत आज चहासुद्धां कसाबसा येतो. बापजाद्यांनीं मिळविलेलें नांव दुसरा वापरतो आणि धनी आपल्याच नांवाची नोंद करीत नाहीं, याला काय म्हणावें?

एकट्या गुऱ्हाळवाल्याला हें सारें झेपणार नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. म्हणून चारपांच गुऱ्हाळांनीं मिळून एक कोरडी खोली, एक तोलकांटा व एक शिलाईयंत्र घ्यावें. सात बायकांनीं १९५९ सालीं मुंबईंत गिरगांवांतल्या एका गच्चीवर ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला; तीच लिज्जत पापडाची संस्था आज हजारों बहिणींच्या मालकीची आहे. त्यांचें इंगित भांडवलांत नव्हतें. पीठ एके ठिकाणीं मळून सर्वांस सारखें द्यावयाचें, लाटलेला पापड पारखून घ्यावयाचा, आणि लाटणारीच संस्थेची धनीण, एवढाच त्यांचा नेम. गुळालाही तोच लावावा. गूळ कोणाच्याही काहिलींतला असो, पारख एकीच्या हातीं, आणि वाईट रवा सख्ख्या भावाचा असला तरी परत. येथेंच आमच्या संस्था मोडतात, भांडवलाअभावीं नव्हे. भाऊबंदकी आणि पुढारीपण या दोघांस खोलीच्या बाहेर ठेवतां आलें तरच खोली बांधावी.

पैशाची वाट अगदींच बंद नाहीं. केंद्र सरकारनें २०२० मध्यें सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीं योजना काढली. तींत कर्जावर ३५ टक्के, दहा लाखांपर्यंत अनुदान आणि बचतगटाच्या प्रत्येक सभासद बाईमागें चाळीस हजारांपर्यंत बीजभांडवल ठेविलें होतें. कोल्हापूर जिल्ह्याचें उत्पादन म्हणून गूळच निवडला गेला. मात्र एका हातानें दिलें तें दुसऱ्या हातानें घेण्याची खोड सरकारला आहेच. १८ जुलै २०२२ पासून सुट्या गुळाला कर नाहीं, पण भरून छाप मारलेल्या गुळावर पांच टक्के वस्तु व सेवा कर लागला. वर्षाला चाळीस लाखांच्या आंत विकणारा एकटा शेतकरी नोंदणींतून सुटतो. पांच जणांनीं संघ केला कीं तो या मर्यादेच्या वर जातो. म्हणजे एकी करणारालाच दंड. हा भेद करावयास नको होता, आणि आमच्या आमदार-खासदारांस मत मागावयास आल्या वेळीं याचा जाब विचारावा.

आमच्या कारागीर बंधूंस वाटेल कीं यांत त्यांचें काय? पूर्वीं काहिलीपासून टोपल्यापर्यंत सर्व गांवांतच होत असे. आतां पिशवीसुद्धां परगांवची. सर्वच परत येईल असें आम्ही म्हणत नाहीं. बुरुडाच्या टोपलींत गूळ उघडा भरला तर तो पाझरणारच. पण आंत हवाबंद पिशवी आणि वर बांबूची सुबक करंडी, अशी संक्रांतीची व दिवाळीची भेट शहरांत हौसेनें घेतली जाईल. वडीचे साचे लोहारानें करावे, कापडी थैली शिंप्यानें शिवावी, मांडणी सुतारानें. ठराव मात्र आधीं करावा आणि मजुरी रोख द्यावी. बलुत्याच्या नांवाखालीं फुकट राबविण्याचा जुना रिवाज या खोलींत शिरूं देऊं नये.

दसऱ्याला अजून अवकाश आहे. ज्या गांवांत चार चुलवाणें अजून पेटतात त्या गांवानें एका रविवारीं देवळाच्या अगर शाळेच्या ओट्यावर बसून खोली कोणाची, तोलणार कोण, वही कोण लिहिणार एवढें ठरवावें, आणि पहिलें आधण चढण्यापूर्वीं त्या दहा रुपयांचा अर्ज भरून टाकावा.