पावकी येते, दशांश येत नाही!

मंडळी, संगणकाने विचित्र उत्तर दिलं की "बिघडलाय" म्हणून मोकळं व्हायची आपल्याला घाई फार. माझ्या नातीने स्वयंपाकाच्या प्रमाणांसाठी एक छोटंसं वेबपान केलं. त्यात सरकवायची पट्टी, म्हणजे स्लायडर. शून्यापासून एक वाटीपर्यंत, दर खाचेला 0.1 वाटी. तिसऱ्या खाचेवर पान म्हणतं, साखर 0.30000000000000004 वाटी! इतकी काटेकोर साखर आमच्या मानपाड्यातला कुठला वाणी मोजून देणार?

ती पट्टीला दोष देत होती. माझं मत वेगळं आहे. पट्टी बरोबर तिसऱ्याच खाचेवर होती. घोळ झाला तो तीनला 0.1 ने गुणताना. संगणक अपूर्णांक मांडतो ते अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं, अशा तुकड्यांत. आपल्या दशांश पद्धतीत एक तृतीयांश जसा 0.333... असा संपतच नाही, तसा त्याच्याकडे एक दशांश संपत नाही. कुठेतरी तोडावाच लागतो.

गंमत म्हणजे आमच्या लहानपणीचे हिशेब या यंत्राला अचूक जमले असते. पावकी, निमकी, पाऊणकी आम्ही घोकली. रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे, म्हणजे रुपयाचे 64. सगळं अर्धं-अर्धं करत गेलेलं! 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली आणि रुपयाचे 100 नवे पैसे झाले. नातीला म्हटलं, दर खाचेला 0.25 ठेवून बघ. पाव, अर्धा, पाऊण, एक... शेपूट गायब.

यावर बरेच जण सांगतात, उत्तर दाखवताना पुढचे आकडे छाटा. दाखवायला हरकत नाही, पण आत हिशेब तसाच ठेवून वर पांघरूण घालणं मला पटत नाही. "0.3 झाले की थांब" असं लिहिलेला प्रोग्रॅम तिथे थांबणारच नाही. खाचा पूर्णांकात मोजाव्यात, शेवटी दहाने भागावं. पैशांचा हिशेब तर पैशातच करावा. 25 फेब्रुवारी 1991 ला सौदी अरेबियात धहरान इथे पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेचं घड्याळ अशाच तोडलेल्या एक दशांशामुळे 100 तासांत सुमारे 0.34 सेकंद चुकलं. येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवलं गेलं नाही. 28 अमेरिकन सैनिक गेले.

तिच्या पानात आणखी एक मजा होती. माणसं 5, त्यात पाहुणा 1, तर एकूण 51! पट्टी जावास्क्रिप्टला संख्या देत नाही, मजकूर देते. म्हणून बेरीज न होता 5 शेजारी 1 चिकटतो. (आम्हा मराठीवाल्यांच्या पंक्तीतलीच निघाली म्हणायची.) आधी त्याची संख्या करून घ्यावी लागते. आणि सुरुवात 1 पासून, शेवट 100, पायरी 10 अशी ठेवली तर पट्टी 91 च्या पुढे जात नाही. मोजणी सुरुवातीच्या आकड्यापासून होते ना!

कर्जाच्या हप्त्याची आकडेमोड करून देणाऱ्या पानांवरही हल्ली अशाच पट्ट्या असतात. व्याज साडेआठ टक्के हवं, बोट जरा हललं की पावणेनऊ. आमच्या वयाला ते नेमकं थांबवणं जिकिरीचं. शेजारी आकडा टाइप करायला चौकट द्यायलाच हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. नातीने दिली आहे. तिची आजी पट्टीला हातही लावत नाही.