आठशे तीन अंकांचा हिशेब

'इंद्रजाल कॉमिक्सचा मराठी संच पुरा करायचाय, काय करू?' असं विचारणारं कुणीतरी दर दोन-तीन महिन्यांनी भेटतंच. बहुतेक जण आयटीवाले. लहानपणी सुट्टीत वेताळ वाचलेला, आता हातात चार पैसे आलेले. त्यांच्या डोक्यात योजनाही तयार असते: ऑनलाइन जे दिसेल ते घ्यायचं, गावी गेलं की रद्दीची दुकानं पालथी घालायची, आणि चार-पाच वर्षांत कपाट भरून टाकायचं.

माझं स्पष्ट मत असं आहे की ह्या पद्धतीने संच पुरा होत नाही. एकट्याने तर नाहीच नाही. आणि हे मी उगाच तत्त्वज्ञान म्हणून सांगत नाहीये, साधं गणित आहे.

पण आधी 'पुरा' म्हणजे काय ते ठरवू. आपण प्रोग्रॅम लिहिताना आधी रिक्वायरमेंट विचारतो ना, तसंच. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं आणि १९९० मध्ये बंद केलं. शेवटच्या अंकापर्यंतचा क्रमांक भरतो ८०५. पण १२३ आणि १२४ हे दोन अंक संपामुळे निघालेच नाहीत. म्हणजे खरे अंक ८०३. हे माहीत नसलेला माणूस त्या दोन अंकांसाठी जन्मभर रद्दीवाल्यांचे उंबरे झिजवेल :-)

अमर चित्र कथेची गंमत तर आणखी भारी. अनंत पै आधी इंद्रजालच्याच कामात होते, मग १९६७ मध्ये त्यांनी अमर चित्र कथा सुरू केली. तिचा 'कृष्ण' हा अंक ११ क्रमांकाचा. मग १ ते १० कुठे गेले? तर ते पाश्चात्त्य परीकथांचे अंक होते, आधी कन्नडमध्ये निघालेले. 'पौराणिक कथांचा संच' लावणाऱ्याला ते धरायचे की नाही हे स्वतःच ठरवावं लागतं. शिवाय पुढच्या आवृत्त्यांवर ५०० च्या पुढचे नवे क्रमांक पडले, म्हणजे एकाच गोष्टीला दोन क्रमांक. चांदोबाचं बघा. मराठी चांदोबा १९५२ पासूनचा. १९९८ मध्ये कामगारांच्या तंट्यामुळे तो बंद पडला आणि वर्षभराने परत सुरू झाला. त्या मधल्या महिन्यांचे अंक शोधणारे लोक मी पाहिलेत.

म्हणून पहिला नियम: विकत घ्यायच्या आधी यादी करा. साधी एक्सेल शीट पुरते. रकाने असे: शीर्षक, क्रमांक, महिना-वर्ष, भाषा, मुखपृष्ठ आहे का, पानं पुरी आहेत का. नुसत्या क्रमांकावर भिस्त ठेवू नका. इंद्रजालने १९८३ च्या सुमारास सलग क्रमांक सोडून 'खंड २०, अंक १' अशी पद्धत धरली. त्यामुळे क्रमांकाने लावलेली यादी तिथे येऊन कोसळते. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रायमरी की नीट निवडा. निघालेच नाहीत ते अंक वेगळ्या रंगात रंगवून ठेवा. आणि आपल्याला सगळे अंक हवेत, की फक्त वेताळाचे, हे पहिल्या दिवशी लिहून टाका. इंद्रजालमध्ये निम्म्याहून जास्त अंक वेताळाचेच होते, बाकी मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि १९७६ पासून आपला आबिद सुरतींचा बहादूर. फक्त वेताळाचे अंक जमवणं काही कमीपणाचं नाही. (हा वेताळ म्हणजे ली फॉकचा. विक्रमाच्या पाठीवरचा हवा असेल तर चांदोबाकडे जा.)

आता गणित. लहानपणी बबलगमच्या पाकिटातून क्रिकेटवाल्यांची चित्रं निघायची, आठवतंय? पहिली दहा-पंधरा पटापट जमायची आणि मग तोच तो खेळाडू सात-सात वेळा निघायचा. हा संख्याशास्त्रातला जुना प्रश्न आहे. ८०३ अंक आहेत, प्रत्येक अंक हाती लागायची शक्यता सारखी आहे आणि तुम्ही डोळे मिटून एकेक उचलताय असं धरलं, तर निम्मा संच व्हायला साधारण ५५० अंक उचलावे लागतात. नव्वद टक्के व्हायला साधारण १,८५०. आणि पुरा व्हायला? साधारण ५,८००! म्हणजे शेवटच्या ऐंशी अंकांसाठी चार हजार अंक जास्तीचे. 'नव्वद टक्के काम झालंय' असं स्टेटस मीटिंगमध्ये सांगणाऱ्यांना ह्याचं दुःख कळेल.

आणि हे झालं सगळे अंक सारखेच मिळतात असं धरून. प्रत्यक्षात सुरुवातीचे अंक जुने, मासिक, त्यामुळे दुर्मिळ. १९८१ नंतर इंद्रजाल साप्ताहिक झालं, ते अंक त्या मानाने सहज दिसतात. म्हणजे खरा आकडा आणखी वर.

आता हेच पाच जणांनी मिळून केलं, सगळ्यांनी आपापले डबल अंक एका जागी टाकले आणि अदलाबदल केली, तर? पाचही जणांचे पाच संच पुरे व्हायला सगळे मिळून साधारण १२,३०० अंक लागतात. म्हणजे माणशी अडीच हजारांच्या आत. ५,८०० वरून अडीच हजार! बाजारात भाव करून एवढी सूट कुणी देणार नाही.

म्हणून दुसरा नियम, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: निम्मा संच होईपर्यंत गठ्ठे घ्या, निम्मा झाला की खरेदी जवळपास थांबवा आणि माणसं जोडा. सुरुवातीला एकेक अंक निवडून घेणं महाग पडतं. पुरा गठ्ठा घ्या, डबल निघाले तर उत्तम, तीच तुमची पुढची नाणी. उत्तरार्धात मात्र गठ्ठा म्हणजे नुसतं ओझं. तिथे 'तुझ्याकडे ६२ डबल आहे, माझ्याकडे २१० डबल आहे' एवढंच चालतं.

ह्यात आमच्या सोलापूरचा एक मोठा फायदा आहे, जो पुण्या-मुंबईवाल्यांना नाही. सोलापुरात मराठी, तेलुगू आणि कन्नड तिन्ही भाषा घराघरात बोलल्या जातात. पूर्व भागातल्या विणकरांच्या घरी तेलुगू चंदमामा यायचा, शेजारच्या गल्लीत कन्नड, आणि आमच्याकडे मराठी चांदोबा. चित्रं बहुतेक तीच, अक्षरं वेगळी. त्यामुळे इथल्या रद्दीच्या गठ्ठ्यात तिन्ही भाषा एकत्र निघतात. मराठी जमवणारा तेलुगू अंक बाजूला फेकतो. फेकू नका! तेलुगू अंक जमवणारा कुणीतरी हैदराबादला बसलाय आणि त्याच्याकडे येणाऱ्या गठ्ठ्यातही काहीबाही मराठी निघत असेल. तुमच्या नि त्याच्या याद्या एकमेकांच्या आड येतच नाहीत. ह्याच्याइतका सोपा सौदा जगात नाही.

तिसरा नियम रद्दीवाल्याबद्दल. त्याच्याशी घासाघीस करून दहा रुपये वाचवण्यापेक्षा त्याला तुमचा फोन नंबर आणि एक नमुना अंक देऊन ठेवा. त्याच्या दृष्टीने कॉमिक म्हणजे वजनाचा कागद. तो तुमच्यासाठी गठ्ठा बाजूला ठेवेल तो भाव बरा मिळाला म्हणूनच. आमच्याकडचे एक रद्दीवाले मामा मला सरळ म्हणाले, "साहेब, पेपरचा भाव किलोवर, पुस्तकाचा भाव तुमच्या तोंडावर." हसू आलं, पण खरं आहे. आपण अधाशासारखं तोंड केलं की भाव चढतो. तरीही वाजवी द्या, कारण पुढच्या वेळी त्याने फोन करायला हवा.

चौथा नियम: बाइंडिंगला नाक मुरडू नका. आपल्याकडे घरोघरी दहा-बारा अंक एकत्र शिवून पुठ्ठ्याचं बाइंडिंग करायची पद्धत होती. बाइंडरने कडा कापलेल्या असतात, कधी मुखपृष्ठंही गेलेली असतात. 'मिंट कंडिशन'वाल्या लोकांना हे चालत नाही. पण आपल्या हवेत, कसर आणि गंजक्या पिनांच्या तावडीतून जे अंक वाचले, त्यातले कितीतरी अशा बाइंडिंगमुळेच वाचले. ते उसवू नका, यादीत 'बाइंड' असं लिहा आणि पुढे चला. फाटलेल्या पानाला सेलोटेप मात्र लावू नका. काही वर्षांत तो पिवळा पडतो आणि खालचा कागदही घेऊन जातो.

'पण एवढं कशाला, स्कॅन मिळतात की!' असं म्हणणारे असतातच. चांदोबाचं उदाहरण घ्या. २००७ मध्ये जिओडेसिक ह्या मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपनीने तो घेतला, जुने अंक जालावर आले, आपण सगळे खूष झालो. पुढे कंपनीच बुडाली, अंक निघायचे थांबले आणि २०१६ मध्ये संकेतस्थळाचं नावही हातचं गेलं. उलट बालभारतीने १९७१ पासूनच्या 'किशोर'चे जुने अंक जालावर फुकट वाचायला ठेवले. ते करता आलं कारण मूळ कागद कुणीतरी सांभाळले होते. बॅकअपचा अर्थ आपल्या धंद्यातल्या लोकांना तरी समजावून सांगायला नको.

आता माझा खरा राग कशावर आहे ते सांगतो. हल्ली हे अंक 'इन्व्हेस्टमेंट' म्हणून घेऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवणारे वाढलेत. डबल असतील तरी देत नाहीत, भाव वाढायची वाट बघतात. पैसा त्यांचा, मर्जी त्यांची. पण वर सांगितलेलं गणित त्यांनाही लागू आहे. सगळ्यांनी असं केलं तर कुणाचाच संच पुरा होणार नाही. प्रत्येकाच्या कपाटात नव्वद टक्के असेल आणि प्रत्येकाचे उरलेले दहा टक्के दुसऱ्याच्या पिशवीत.

आणि वेळ फार नाही. १९६४ मध्ये जे पोर दहा वर्षांचं होतं ते आज सत्तरीच्या पुढे आहे. त्यांची मुलं पुण्यात, बंगलोरात, अमेरिकेत. सोलापुरातली जुनी घरं पाडून अपार्टमेंट उभी राहताहेत आणि घर रिकामं करताना पोटमाळ्यावरची ट्रंक सगळ्यात आधी रद्दीत जाते. इंग्रजी अंक देशभर विखुरलेत, ते कुठे ना कुठे सापडतील. मराठी अंक मराठी घरांतच आहेत. ते गेले की गेले. 'डेंकालीच्या जंगलात' बोलणारा तो मराठी वेताळ, त्याच्या तोंडी घातलेली ती मराठी, पुन्हा कुणी लिहिणार नाही.

तेव्हा ज्यांना खरंच संच पुरा करायचाय त्यांनी ह्या विकांताला एकही अंक विकत घेऊ नये. यादी करावी, 'हवेत' आणि 'डबल' असे दोन रकाने उघडपणे सगळ्यांना दाखवावेत, आणि ओळखीतल्या एखाद्या सत्तरीच्या काकांना फोन करून विचारावं, "काका, माळ्यावर ट्रंक आहे का हो अजून?" दिवाळीची साफसफाई व्हायच्या आत विचारा म्हणजे झालं.