प्रमाणपत्र मागणाऱ्यांनी पगारपत्रकही उघडावे

‘लहान पोरे सांभाळायला कसले आले आहे शिक्षण?’ हा प्रश्न काही वर्षांपूर्वी पालकांच्या एका सभेत विचारला गेला आणि सभागृहात हशा पिकला. आम्हीही त्या वेळी हसलो होतो. आज त्या हसण्याची आम्हाला लाज वाटते.

आता वारे उलट दिशेने वाहू लागले आहेत. बालवाडीच्या शिक्षिकेने प्रशिक्षण घेतलेच पाहिजे, प्रमाणपत्र दाखवलेच पाहिजे, दरवर्षी नव्याने शिकलेच पाहिजे, असा आग्रह शासन धरते, संस्थाचालक धरतात आणि पालकही धरतात. हा आग्रह योग्यच आहे. परंतु कालची थट्टा आणि आजचा आग्रह या दोहोंत एक गोष्ट समान आहे. त्या शिक्षिकेच्या श्रमाचे मोल तेव्हाही कुणी केले नाही आणि आजही कुणी करीत नाही.

प्रशिक्षण कशासाठी हवे, हे आधी स्पष्ट करू. वसईतील आमच्या अनेक घरांत मूल सामवेदी किंवा वाडवळी ऐकत वाढते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ते एकाएकी इंग्रजीच्या वर्गात जाऊन बसते आणि गप्प होते. ते मूल मंद आहे, हट्टी आहे, की केवळ भाषेच्या उंबरठ्यावर अडखळले आहे, हे ओळखायला माया पुरत नाही, जाण लागते. बोटांचे स्नायू बळकट होण्यापूर्वी हाती पेन्सिल देऊन अक्षरे गिरवून घेणे चूक का, हेही शिकावे लागते. आईचे हृदय असले की झाले, असे म्हणणारे त्या शिक्षिकेचा गौरव करीत नाहीत. तिच्या विद्येची गरज नाकारतात आणि ओघाने तिचा पगारही नाकारतात.

हे शिक्षण कसे द्यावे याचा धडा आपल्या शेजारीच घडला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या कामात सहभागी झाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर बहरले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी उभी राहिली. पाने, बिया, शंख-शिंपले आणि खडे हेच तेथील शैक्षणिक साहित्य. शिकवणारी बाईही तेथे मुलांच्या सहवासात, अनुभवी व्यक्तीच्या नजरेखाली घडत होती. प्रशिक्षण आणि काम या दोन वेगळ्या खोल्या नव्हत्या.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. शब्द पोहोचला, ती पद्धत मात्र मागे राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी उत्तीर्ण अंगणवाडी सेविकेसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्या सेविकेसाठी एक वर्षाची पदविका सुचवली. हे शिक्षण दूरचित्रवाणी वाहिन्या आणि स्मार्टफोन यांच्या साहाय्याने, चालू कामात कमीत कमी व्यत्यय आणून द्यावे आणि महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष वर्ग व्हावा, असे धोरण म्हणते. शाळांतील शिक्षकांनी दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशीही त्याची अपेक्षा आहे.

‘कामात कमीत कमी व्यत्यय’ याचा साधा अर्थ काय? आहारवाटप, मुलांची वजने, नोंदवह्या, गृहभेटी आणि मोबाईलवरील माहिती भरून झाल्यावर, घरची चूल विझल्यावर, सेविकेने पडद्यासमोर बसावे. व्यत्यय कामात येत नाही. तो तिच्या झोपेत येतो. आणि मोबदला? २०१८ साली केंद्राने सेविकेचे मासिक मानधन ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपये केले. राज्ये त्यात आपली भर घालतात. ‘मानधन’ हा शब्दच पाहावा. पगार म्हटला की हक्क आला. मानधन म्हटले की उपकार आला. ग्रॅच्युइटीसारख्या हक्कासाठीही अंगणवाडीच्या स्त्रियांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि २०२२ साली तो मान्य झाला.

तथापि शासनाकडे बोट दाखवून आमची सुटका होत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांना हक्क देतो. त्याखालच्या वयासाठी शासनाने आवश्यक ती व्यवस्था करावी, एवढेच तो सुचवतो. त्यामुळे खाजगी बालवर्गातील शिक्षिकेचे भवितव्य बहुतांशी व्यवस्थापनाच्या विवेकावर सोपवले गेले. त्या विवेकाची एक कथा आम्ही येथे कबूल करतो.

आम्ही ज्या शाळेचे व्यवस्थापन पाहत होतो, तेथे बालवर्गाला शिकवणारी एक बाई होती. रडणारे मूल तिच्या कडेवर गेले की शांत होई. सर्व बाईंनी वर्षभरात प्रशिक्षण पूर्ण करावे, या सूचनेवर आम्ही सही केली. तिने शुल्क स्वतः भरले, तेही उसनवारी करून. रविवारची मिस्सा आटोपून ती तडक वर्गाला जाई. वर्षअखेरीस तिने प्रमाणपत्र आमच्या टेबलावर ठेवले आणि विचारले, “फादर, मी शिकले. आता माझ्या कामाची किंमत काही वाढली का?” आम्ही तिचे अभिनंदन केले. पगार तोच राहिला. पुढच्या जूनमध्ये ती आली नाही. तिचे प्रमाणपत्र तिच्याबरोबर गेले आणि मुलांना मिळायचा लाभही गेला.

‘शाळेला परवडत नाही’, हे उत्तर आम्ही तेव्हा मनाशी दिले होते. त्याच वर्षी शाळेच्या दर्शनी भागाला नवा रंग लागला होता. मजुराला त्याच्या निर्वाहाला पुरेल इतके वेतन देणे हा न्यायाचा प्रश्न आहे, हे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालच्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात सांगितले. गुरुविद्यालयात आम्ही ते अभ्यासले, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले. आमच्या कचेरीतील पगारपत्रकापर्यंत मात्र ते पोहोचू दिले नाही.

म्हणून आमचे म्हणणे थोडके आहे. जो प्रशिक्षण मागतो, त्याने त्याचा खर्च उचलावा. प्रशिक्षणाचे तास कामाचे तास समजावेत आणि त्या वेळी वर्गावर बदली बाई द्यावी. प्रमाणपत्र हाती येताच वेतन वाढावे. आणि हे शिक्षण पडद्यावर सुरू होऊन पडद्यावरच संपू नये. अनुभवी शिक्षिकेने वर्गात येऊन शेजारी बसावे. यांतले काहीच द्यायचे नसेल, तर प्रमाणपत्र मागण्याचा अधिकारही आपल्याला नाही.

पालकांनाही दोन शब्द. खेळातून शिकवायला शिकून आलेल्या बाईला तुम्ही पहिल्याच आठवड्यात विचारता, “बाई, वहीत काहीच का लिहिले नाही?” त्या एका प्रश्नाने तिचे वर्षभराचे शिक्षण वाया जाते. पुढील प्रवेशाच्या वेळी वहीची चौकशी जरा बाजूला ठेवावी आणि बालवर्गाच्या बाईला पगार किती मिळतो, हे विचारावे. प्रश्न आम्हा धर्मगुरूंना अवघड वाटेल. तरीही विचारावा, आम्हाला त्याचे उत्तर देणे भाग पडू द्यावे.