चकाकीविरुद्ध अपील

आमच्या गावच्या देवस्थानच्या महाजनांची सभा गेल्या माघात भरली, तेव्हा विषयपत्रिकेवरचा शेवटचा विषय पालखीचा होता. पालखी सागवानाची आहे; कठड्यावर वेलबुट्टी, चार कोपऱ्यांना चार व्याल, आणि त्यांची नखे अजून मोजता येतील इतकी रेखीव. ती किती पिढ्यांची हे कोणालाच सांगता येत नाही. दर तीन-चार वर्षांनी तिला चपड्याचा हात दिला जातो, एवढे मात्र सर्वांना ठाऊक आहे. सूचना अशी आली की, हा दर खेपेचा खटाटोप एकदाचा बंद करावा; पालखी यंत्राने घासून कोरी करकरीत करावी आणि तिच्यावर पॉलियुरेथेनचा, म्हणजे बाजारात ज्याला 'पीयू' म्हणतात त्याचा, जाड लेप बसवून घ्यावा. 'आरशासारखी चमकेल, आणि पंधरा वर्षे पाहायला नको,' असे सूचना मांडणाऱ्या गृहस्थांनी सांगितले, आणि या 'पाहायला नको'वरच टाळ्या पडल्या. आम्ही विरोध केला आणि सपशेल हरलो. ठरावाची अंमलबजावणी दसऱ्यानंतर व्हावयाची आहे. हरणे ही वकिलाला नवी गोष्ट नव्हे, आणि हरल्यावर अपिलाची मुदत मोजणे हीदेखील नव्हे. प्रस्तुत लेख हे आमचे अपील होय.

ते या मासिकात दाखल करण्याचे कारण असे की, हा वाद एका गावचा नाही. बेळगावच्या वाड्यातील कडीपाट, वडोदऱ्याच्या मराठी घरातील झोपाळा, इंदूर-ग्वाल्हेरकडील देव्हारा, गोव्यातील जुन्या घरांतली शिसवी कपाटे, या सर्वांवर आज हाच खटला चालू आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो एकतर्फी निकालात निघत आहे. मालक दोनच प्रश्न विचारतो: चमकेल का? टिकेल का? आमच्या मते यांच्या आधी विचारावयाचे प्रश्न तीन आहेत. ही वस्तू कोणत्या कामाची? ती कोठे राहणार? आणि लेप बिघडला तर तो दुरुस्त कोण व कसा करणार? यांतला तिसरा प्रश्न आपण विसरलो, आणि अनर्थ तेथून सुरू झाला.

प्रथम चपडा म्हणजे काय ते पाहू. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे राळ स्रवतात. ती खरवडून, धुऊन, वितळवून तिचे पातळ पापुद्रे करतात, तो चपडा. झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेश या प्रांतांतील आदिवासी कुटुंबे ही लाख काढतात, आणि तिच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर आहे. चपडा स्पिरिटात विरघळतो. स्पिरिट उडून गेले की लाकडावर राळेचा पातळ पापुद्रा राहतो. त्याचा खरा गुण हा की, वाळलेला चपडा पुन्हा स्पिरिट लागले की पुन्हा विरघळतो. म्हणून नवा हात दिला की तो खालच्या हाताशी एकजीव होतो. जुना लेप काढण्याची गरजच पडत नाही. आजोबांनी दिलेला हात, वडिलांनी दिलेला हात आणि आपला हात असे तीन थर न राहता एकच थर होतो.

पीयूचा स्वभाव याच्या उलट आहे. दोन द्रव एकत्र केले की त्यांच्यात रासायनिक क्रिया होते आणि लेप कायमचा कडक बनतो; स्पिरिटाने तो विरघळत नाही. हेच त्याचे सामर्थ्य, आणि जुन्या वस्तूच्या बाबतीत हाच त्याचा दोष. कारण कोणताही लेप अमर नाही. कोपऱ्यावर टवका उडेल, उन्हाने चीर पडेल, कडेने पापुद्रा सुटेल. त्या दिवशी नवा थर जुन्यात मिसळणार नाही. डाग लपवावयाचा तर सगळा लेप खरवडून काढावा लागेल. सपाट मेजाच्या बाबतीत ते जमते. व्यालाच्या नखांच्या बाबतीत लेप आणि लाकूड यांची ताटातूट करणारे यंत्र अजून निघालेले नाही. पहिल्या घासणीत नखे बोथट होतील, दुसरीत बोटे, आणि तिसरीनंतर तो व्याल आहे की मांजर हे पुजाऱ्याला सांगावे लागेल.

पुरावा हवा असेल तर तो त्याच देवळात उभा आहे. चौकातल्या कोरीव खांबांना काही वर्षांपूर्वी तपकिरी ऑइलपेंट फासला. लाकूड वाळले तरी हवेतला दमटपणा घेते आणि टाकते; पावसाळ्यात ते रुंदीने फुगते, उन्हाळ्यात आकसते. जगातला कोणताही लेप हे थांबवू शकत नाही, फक्त मंद करू शकतो. खांबाच्या बुडाशी दगडातून ओल वर चढते, ती लाकडाच्या आडव्या छेदातून आत शिरते, आणि बाहेर पडण्याची वाट रंगाने बंद केलेली असते. दोन पावसाळ्यांत रंगाला फोड आले. आज त्यांतला एक फोड बोटाने दाबला तर बोट आत जाते. त्या वेळचे वाक्यही हेच होते: दहा वर्षे पाहायला नको. खरोखरच कोणी पाहिले नाही.

काही वस्तूंत तर लेप आणि वस्तू असा भेदच नसतो. वडोदऱ्याजवळच्या संखेड्याचे लाकडी काम आमच्या तिकडील वाचकांना परिचित आहे. कातलेल्या सागावर कथिलाच्या वर्खाची रुपेरी नक्षी काढावयाची आणि तिच्यावर लाख चढवावयाची. लाखेच्या पिवळसर झाकेतून ती नक्षी सोन्याची दिसते, आणि अकीकाच्या दगडाने घोटून तिला तेज आणतात. असा झोपाळा 'कोरा' करून घ्यावयाचा म्हणजे सोने फेकून देऊन खालची काठी ठेवून घ्यावयाची.

आता कायद्याचे बोलू. मिताक्षरेप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क प्राप्त होतो, आणि २००५ पासून तो मुलीलाही आहे. घरचा कर्ता झाला तरी कायदेशीर गरज किंवा मिळकतीचे हित असल्याखेरीज त्याला ती विकता येत नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून चालत आलेल्या नियमाने मिळकतीचा अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो; बाप रागावला तरी तो दुसऱ्याला देऊ शकत नाही. दोन्ही परंपरांचा आशय एकच आहे: आपल्या हाती आलेली वस्तू सर्वस्वी आपली नव्हे. देवाच्या वस्तूविषयी तर बोलावयासच नको. भारतीय न्यायालयांनी देवमूर्तीला कायद्याने व्यक्ती मानले आहे, आणि ती व्यक्ती कायमची अज्ञान समजली जाते. अज्ञान मुलाच्या पालकाने त्याचे दागिने वितळवून 'आता सांभाळायला नको' म्हणून ठोकळा करून ठेवला, तर न्यायाधीश त्याला काय म्हणेल? पालखीवरून यंत्र फिरविणाऱ्याला आम्ही तेच म्हणतो.

प्रतिपक्षाचे म्हणणे आम्ही ऐकून घेतले आहे, आणि त्यात जे खरे आहे ते मान्य करतो. चपडा नाजूक आहे. त्याच्यावर गरम चहाची पेली ठेवली तर पांढरे वर्तुळ उठते. आणि ज्या मेजावर फेणी सांडण्याचा संभव आहे त्या मेजाला चपडा लावणे म्हणजे मद्याला मद्याचेच द्रावण पाजणे. जेवणाच्या मेजाला, स्वयंपाकघरातल्या कपाटाला पीयू खुशाल लावावे. नव्या, सपाट, रोज पुसल्या जाणाऱ्या वस्तूला तो योग्यच आहे. बाहेरच्या खिडक्या-दारांना उघड्या लाकडाची हौस नको. ऊन लाकडाचा पृष्ठभाग जाळते, आणि त्याला अडविण्यास रंगातील भुकटीच लागते, म्हणून तेथे ऑइलपेंट हाच शहाणपणा. मात्र ओल चढणार नाही अशी बुडाची व्यवस्था आधी करावी. वाशांना आणि होड्यांना काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची कोकणची रीत अडाणी नव्हती. ज्याने हाताला फोड येतात ते वाळवीलाही मानवत नाही. पोळपाट-लाटण्याला काहीच लावू नये. योग्य लेप म्हणजे वस्तूच्या कामाला आणि जागेला शोभणारा लेप, एवढेच आमचे म्हणणे. सर्वांना एकच सदरा शिवावयाचा, तोही चकचकीत सॅटिनचा, याला आमची हरकत आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. चार वर्षांनी एकदा दोन दिवसांची मजुरी आणि थोडा चपडा, याला खर्च म्हणावयाचे असेल तर दिव्याच्या तेलालाही म्हणावे लागेल. तिसरा आक्षेप अधिक गंभीर: हे काम करणारे आता मिळत नाहीत. खरे आहे. आमच्या पालखीला बोळ्याने चपडा देणारे वृद्ध गृहस्थ घरी बसले आहेत, कारण त्यांना कोणी बोलावीत नाही. त्यांचा मुलगा बंद खोलीत फवाऱ्याने पीयू मारतो आणि नाकाला हातरुमाल बांधतो. त्या लेपाच्या घट्टकात आयसोसायनेट ही द्रव्ये असतात. त्यांच्या फवाऱ्याने दमा जडतो, आणि एकदा जडला की थोड्याशा वासानेही उसळतो. हातरुमालाने ती अडत नाहीत. ज्याने 'पंधरा वर्षे पाहायला नको' म्हणून टाळी दिली त्याने या मुलाच्या पंधरा वर्षांकडेही पाहिलेले नाही. जुना रंग यंत्राने घासण्यातही असाच धोका आहे. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून अंमलात आले. त्यापूर्वीच्या रंगात ते किती होते याची खात्री कोण देणार? जुन्या पाळण्याचा रंग घरात कोरडा घासणे म्हणजे ती धूळ घरच्या तान्ह्या मुलापर्यंत पोहोचविणे होय.

मग करावयाचे काय? आधी वस्तू ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावी आणि नीट वाळू द्यावी. कॉस्टिक सोड्याला घरात थारा देऊ नये, त्याने लाकूड काळवंडते आणि सांध्यांतला सरस सुटतो. मग न दिसणाऱ्या जागी, पायाच्या मागच्या बाजूस किंवा तळाशी, स्पिरिटात भिजविलेला कापूस मिनिटभर टेकवावा. लेप चिकट झाला तर तो चपडा आहे, आणि अर्धे काम झाले असे समजावे. एक लिटर स्पिरिटात दीडशे ते दोनशे ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून गाळून घ्यावा. द्रावण ताजे असावे, कारण वर्षभर ठेवलेले नीट वाळत नाही. कापसाचा बोळा मऊ सुती कापडात गुंडाळून, हलक्या हाताने, एका जागी न थांबता, पातळ हात द्यावा. वाळला की दुसरा. कोरीव भागात मऊ कुंचला वापरावा आणि खोबणीत थेंब साचू देऊ नये. हे काम कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतच्या कोरड्या हवेत करावे. श्रावणात केले तर दमटपणाने लेप पांढुरका पडतो. स्पिरिट भडका घेते, म्हणून जवळ समई नको. शेवटी मधमाशांच्या मेणाचा अगदी थोडा हात देऊन लोकरीच्या कापडाने घोटावे. ज्यांना लेपच नको, लाकडाचा स्पर्श हवा, त्यांनी बेलतेल चोळावे आणि उरलेले पुसून काढावे. परंतु ते तेलकट बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निघते आणि बोळे आपोआप पेटतात. ते उघड्यावर पसरून वाळवावेत.

यात अवघड असे काही नाही. अवघड आहे ते एवढेच की, दर तीन-चार वर्षांनी त्या वस्तूकडे पाहावे लागते. आणि पाहिले की सैल झालेला सांधा दिसतो, वाळवीची माती दिसते, निखळू लागलेली खुंटी दिसते. ज्या खांबांना 'पाहायला नको' होते त्यांचे बूड कुजले. ज्या पालखीला दर खेपेला पाहावे लागले ती इतक्या पिढ्या चालत आली. या दोन साक्षीदारांची उलटतपासणी आम्हांस करावी लागली नाही.

आमची महाजनांस विनंती मर्यादित आहे. ठराव रद्द करा असे आम्ही म्हणत नाही. एक वर्ष तहकूब ठेवा. या कार्तिकात त्या वृद्ध गृहस्थांना बोलवा, त्यांच्या मुलालाही बरोबर येऊ द्या, आणि पालखीच्या तळाच्या फळीवर बापाच्या हाताखाली मुलाला एक हात देऊ द्या. त्याची मजुरी आम्ही देऊ. काम पसंत न पडल्यास यंत्र कोठे पळून जात नाही. व्यालांची नखे मात्र एकदा गेली की परत येणार नाहीत.