विचारून सांगतो

मंडळी, आज जरा भांडायचे आहे. नातेवाइकांपैकी काहींना हे आपल्याबद्दलच लिहिले आहे असे वाटेल. वाटू द्या.

आमचा एक भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याने यंदा आपला कर सल्लागार बदलला. कारण काय, तर एका प्रश्नावर तो गृहस्थ म्हणाला, "साहेब, हे मला जरा विचारून सांगावे लागेल." भाच्याचे म्हणणे, "मामा, विचारूनच सांगायचं तर मी फी कशाची देतो?" घरातल्या चार जणांनी माना डोलावल्या. भाच्याच्या स्वतःच्या धंद्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकमेकांना विचारण्याचाच पगार मिळतो, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही.

माझे म्हणणे नेमके उलटे आहे. जो "विचारून सांगतो" म्हणतो त्यालाच फी द्यावी. जो समोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या सगळ्याची उत्तरे देतो, त्याच्याकडून आपले कागद परत मागून घ्यावेत.

हे मी हवेत बोलत नाही. माझ्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नीची गोष्ट सांगतो. नाव, गाव सांगत नाही, वहिनी म्हणू. सर २०१४ साली गेले, तेव्हापासून वहिनींना कुटुंब निवृत्तिवेतन. पुढे सातवा वेतन आयोग आला. लागू १ जानेवारी २०१६ पासून, प्रत्यक्षात राज्यात आला २०१९ साली, आणि थकबाकी पाच हप्त्यांत. त्यातला एक हप्ता आणि मुदत ठेवींचे व्याज असे मिळून एका वर्षी वहिनींचे उत्पन्न पाच लाखांच्या रेघेपलीकडे गेले. ही रेघ म्हणजे काय, ते ज्यांनी ओलांडली त्यांना विचारा. जुन्या पद्धतीत साठीच्या पुढच्या माणसाला पाच लाखांपर्यंत कर शून्य. कारण तीन लाखांवरच्या दोन लाखांचा पाच टक्क्यांनी होणारा दहा हजार कर सूट म्हणून माफ होतो. रेघ ओलांडली की ती माफी सगळीच्या सगळी जाते.

वहिनींना कोणीतरी एक 'एकदम हुशार' माणूस गाठून दिला. त्याने काही विचारले नाही, कोणाला विचारले नाही. पाच मिनिटांत रिटर्न भरले आणि बँकेने कापलेला कर परत आणून दिला. त्यातला ठरावीक हिस्सा स्वतः घेतला. वहिनी खूश. त्याने काय केले होते? वहिनींनी एका राजकीय पक्षाला देणगी दिल्याचे दाखवले होते! ज्या बाईने देवळाच्या पेटीत दहा रुपये टाकतानाही विचार केला असता, तिच्या नावावर पक्षाला देणगी.

पुढे खात्याकडून संदेश आला की, ही वजावट तपासून पाहा. हुशार माणसाने फोन उचलणे बंद केले. हा प्रकार काही एकट्या वहिनींचा नव्हे. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने अशा खोट्या वजावटी दाखवून देणाऱ्या मध्यस्थांवर देशभर दीडशे ठिकाणी कारवाई केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी आपली रिटर्न सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते, असे सरकारनेच तेव्हा जाहीर केले. उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याचे ठरले तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. सही वहिनींची, दंड वहिनींना. कमिशन मात्र दुसऱ्याच्या खिशात.

मग वहिनी दुसऱ्या सल्लागाराकडे गेल्या. आमच्या तालुक्याच्या गावातले हे गृहस्थ. पेठेतले व्यापारी त्यांना 'वकीलसाहेब' म्हणतात, वकील नसले तरी. त्यांनी कागद पाहिले. कुटुंब निवृत्तिवेतन हे पगाराच्या खात्यात येत नाही, 'इतर उत्पन्ना'त येते, हे त्यांना ठाऊक होते. त्यातून एक तृतीयांश किंवा पंधरा हजार, जे कमी असेल ते वजा होते, हेही ठाऊक होते. (नव्या पद्धतीत २०२४-२५ पासून ते पंचवीस हजार झाले.) थकबाकीवर कलम ८९ खाली सवलत मिळते, म्हणजे रक्कम ज्या त्या वर्षात मांडून करातला फरक काढता येतो, आणि त्यासाठी रिटर्नच्या आधी १०ई हा फॉर्म भरावा लागतो, हेही त्यांनी बसल्या जागी सांगितले. पहिल्या हुशार माणसाला हे काहीच माहीत नव्हते. खोटी देणगी दाखवण्याची गरजच नव्हती. कायद्यानेच बराचसा कर उतरत होता!

पण पुढे गाडी अडली. मुदत संपलेली. आता फक्त 'अद्ययावत रिटर्न' भरता येणार, आणि त्या रिटर्नची अट अशी की, त्याने मूळ कर कमी होता कामा नये आणि परतावा वाढता कामा नये. मग त्यात खोटी देणगी काढता काढता खरी सवलत नव्याने मागता येईल का? इथे वकीलसाहेब म्हणाले, "वहिनी, हे मी शनिवारी विचारून सांगतो."

हा शनिवार म्हणजे काय, ते मला नंतर कळले. तालुक्यातले आणि शेजारच्या गावातले मिळून पाच-सहा कर सल्लागार दर शनिवारी संध्याकाळी एकाच्या ऑफिसात जमतात. त्यात एक निवृत्त बँक अधिकारी, दोन सीए, एक खरा वकील, आणि बाकीचे बी.कॉम. करून पंचवीस-तीस वर्षे हेच काम करणारे. प्रत्येकाने आठवड्यात अडलेला प्रश्न आणायचा. वहिनींच्या प्रश्नावर तिथे म्हणे दीड तास वाद झाला. शेवटी मुद्दा निघाला तो असा की, कायदा एकेक रकमेकडे पाहत नाही, अखेरच्या बेरजेकडे पाहतो. देणगी काढून आणि सवलत घालून वहिनींचा कर मूळ रिटर्नपेक्षा थोडा जास्तच येत होता. म्हणजे दार उघडे होते. वहिनींनी तो फरक, त्यावर व्याज आणि पंचवीस टक्के जादा कर भरला आणि सुटल्या. दीड तास पाच जणांनी घालवला, त्यातल्या चौघांना एक पैसा मिळाला नाही. पुढच्या शनिवारी त्यांचा प्रश्न, वकीलसाहेबांचा दीड तास.

यावर एक वडीलधारे नातेवाईक मला म्हणाले, "हे सगळे एकमेकांना कर चुकवायच्या युक्त्या शिकवत असणार." काका, माफ करा, पण युक्ती शिकवायला पाच माणसे लागत नाहीत. खोटी देणगी दाखवायला एकच पुरला. उलट पाच जण बसले की, ज्याच्या डोक्यात वाकडे येते त्यालाही ते बोलून दाखवायची लाज वाटते. शिक्षकांच्या खोलीत मी हे पस्तीस वर्षे पाहिले आहे.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. आपल्या घरच्या गोष्टी चार लोकांत जातात. हा मुद्दा मला मान्य आहे. गिऱ्हाइकाची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर सांगणे हा सीएच्या बाबतीत १९४९ च्या कायद्यानेच व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला आहे. म्हणून प्रश्न न्यायचा, माणूस न्यायचा नाही. 'एक विधवा बाई, कुटुंब निवृत्तिवेतन, थकबाकी' एवढे पुरे. लहान गावात तेवढ्यावरूनही ओळख पटू शकते, तेव्हा तपशील आणखी बदलावेत. जो नावासकट, पॅनसकट कागदाचा फोटो काढून दहा जणांना धाडतो त्याला मी या लेखात धरलेलेच नाही. त्याच्यापासून दूरच राहा.

आता परदेशातल्या मंडळींसाठी. (तुम्ही वाचता हे मला ठाऊक आहे, अभिप्राय देत नाही तो भाग वेगळा.) समजा, वाईला वडिलांचा जुना वाडा आहे. वडील गेले, भाऊ वाईत, बहीण न्यूजर्सीत. दोघांना सारखा वाटा. वाडा २३ जुलै २०२४ नंतर विकला आणि प्रत्येकाला साठ लाख आले. १ एप्रिल २००१ ची प्रत्येकाच्या वाट्याची किंमत दहा लाख धरू. भाऊ निवासी, म्हणून त्याला दोन हिशेबांतला कमी कराचा निवडता येतो. महागाई निर्देशांक लावून दहाचे २०२४-२५ मध्ये ३६ लाख ३० हजार होतात. नफा २३ लाख ७० हजार, वीस टक्क्यांनी कर ४ लाख ७४ हजार. बहीण अनिवासी, तिला निर्देशांक नाही. नफा पन्नास लाख, साडेबारा टक्क्यांनी ६ लाख २५ हजार. एकच वाडा, एकच बाप, आणि दीड लाखाचा फरक! (अधिभार, उपकर सोडून देऊ.) शिवाय खरेदीदाराने भावाच्या वाट्यावर एक टक्का कर कापायचा, बहिणीच्या वाट्यावर मात्र अनिवासीचा वेगळा, जबर दर. बहिणीने आधी खात्याकडून कमी कपातीचा दाखला घेतला नाही तर तिचे पैसे परतावा येईपर्यंत अडकून पडतात. त्याच्याही आधी कोणीतरी विचारणार की, वाडा वडिलोपार्जित म्हणून एकत्र कुटुंबाचा की मुलांचा स्वतःचा? त्यासाठी १९८६ चा सर्वोच्च न्यायालयाचा चंदर सेन निकाल पाहावा लागतो. हे सगळे एका माणसाच्या डोक्यात एका वेळी तयार असते असे ज्याला वाटते, त्याने एकदा वाडा विकून पाहावा.

आणि कधी कधी तर प्रश्न कायद्यात नसतोच. २०२४ च्या जुलैमधली गोष्ट. नव्या पद्धतीत सात लाखांपर्यंत उत्पन्न असले की कर माफ, हा तेव्हाचा नियम. समजा, एका पेन्शनरने थोडे शेअर विकून चाळीस हजार अल्प मुदतीचा नफा कमावला. ४ जुलैला रिटर्न भरले असते तर कर शून्य. ५ जुलैला खात्याने आपल्या संगणक प्रणालीत बदल केला आणि त्याच माणसाच्या त्या चाळीस हजारांवर पंधरा टक्के, म्हणजे सहा हजार आणि वर उपकर दिसू लागला. कायद्यातला शब्दही हललेला नव्हता. एकटा बसलेला सल्लागार काय समजला असता? आपलेच आकडे कुठेतरी चुकले. शेजाऱ्याला विचारले तरच कळणार की त्याच्याकडेही तेच होते आहे.

मग काय झाले? मुंबईच्या 'चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स' या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ही संस्था १९२६ सालची, कर सल्लागारांनी एकत्र बसून शिकावे म्हणून चाललेली. डिसेंबरमध्ये न्यायालयाने रिटर्नची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवायला लावली आणि जानेवारीत निकाल दिला की, माफीचा हक्क आहे की नाही हे अधिकारी ठरवतील, पण संगणकाने मागणीच करू न देणे चालणार नाही. २०२५-२६ पासून सरकारने कायदाच बदलून अशा नफ्यावरची माफी काढून टाकली. तो सरकारचा अधिकार आहे, माझी तक्रार नाही. पण ती काढली कायद्याने, रातोरात संगणकातून नव्हे.

या शनिवारवाल्यांतही फुकटे असतात. स्वतः तीन प्रश्न विचारून चहा पिऊन जातात आणि दुसऱ्याच्या प्रश्नाच्या वेळी नेमका फोन येतो. काही जण दुसऱ्याचे उत्तर पुस्तक न उघडता जसेच्या तसे गिऱ्हाइकाला सांगतात. तेही धोक्याचे. 'पंचाहत्तरीनंतर रिटर्न भरावे लागत नाही' हे वाक्य आपल्या ज्येष्ठ नागरिक संघात असेच फिरले होते. त्यामागची अट, म्हणजे पेन्शन आणि व्याज एकाच ठरावीक बँकेतून हवे, दुसरे उत्पन्न नको, बँकेला तसे लिहून द्यायला हवे, ती वाटेत कुठेतरी गळून पडली. पोस्टात ठेव असलेल्या निम्म्या मंडळींना ते लागूच नव्हते.

आपल्याकडे खात्याला आधीच विचारून घेण्याची सोय आहे, तिला अग्रिम निर्णय म्हणतात. निवासी माणसाला स्वतःच्या करासाठी तो मागायचा तर व्यवहार शंभर कोटी किंवा त्याहून अधिक रकमेचा हवा. वहिनींची थकबाकी काही त्यात बसत नव्हती.

आणि आता तर १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा आला आहे, १ एप्रिल २०२६ पासून. कलमे ५३६. 'मागील वर्ष' आणि 'कर निर्धारण वर्ष' यांचा घोळ संपवून एकच 'कर वर्ष' केले, हे चांगले झाले. पण ज्यांच्या तोंडी तीस वर्षे '८०सी' बसले होते त्यांना आता १२३ म्हणायचे आहे, आणि जुन्या वर्षांच्या नोटिसा जुन्याच कायद्याने चालणार आहेत. वकीलसाहेब परवा बाजारात भेटले. म्हणाले, "सर, आता शनिवार पुरत नाही, बुधवारी पण बसतो."