आपल्या माणसांची कामे इंग्रजीच्या तक्त्यावर हवीत



इंग्रजीच्या तासाला चित्रवाचन असते. तक्त्यावरच्या चित्राला छडी लावून बाई विचारतात, "व्हॉट इज ही डुइंग?" म्हणजे तो काय करीत आहे? आपण एका सुरात म्हणतो, "ही इज रीडिंग." पुढच्या चित्राला, "शी इज कुकिंग." मग कोणी खातो, कोणी झोपतो, कोणी पळतो. दहा-बारा क्रियापदे झाली की तक्ता संपतो.

ही रीत चांगलीच आहे. डोळ्यांनी काम दिसते आणि कानांनी शब्द ऐकू येतो, त्यामुळे तो डोक्यात राहतो. माझी तक्रार रीतीबद्दल नाही. माझे म्हणणे असे की तक्ता फार लवकर संपतो आणि त्यात आपल्या गावची माणसे नाहीत. त्यातला बाप खुर्चीत बसून पेपर वाचतो आणि आई गॅसपाशी उभी असते. आपल्याकडे सकाळी आठ वाजता कोणाचा बाप खुर्चीत असतो? आणि आई काय दिवसभर नुसती चुलीपाशीच असते का?

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. पाहुण्यांनी इंग्रजीत विचारले, "तुझी आई काय करते?" तर आपण तक्त्यावरचे "कुक" तरी सांगतो, नाहीतर "नथिंग" म्हणून मोकळे होतो. नथिंग म्हणजे काहीच नाही! पहाटे गाईची धार काढणारी, नंतर उन्हात खुरपणारी, संध्याकाळी सरपण घेऊन येणारी आई एका शब्दात "काहीच नाही" होते. जवळ शब्द नसला की काम असूनही दिसत नाही. म्हणून मी म्हणते, हे शब्द आधी शिकले पाहिजेत.

आणि ते शब्द इंग्रजीत आहेत, बरे का! इंग्रजांच्या देशातही शेती आहे, गुरे आहेत. नांगरणे म्हणजे "प्लाउ". पेरणे म्हणजे "सो". खुरपणे म्हणजे "वीड". कापणी करणे म्हणजे "रीप" किंवा "हार्वेस्ट". मळणी करणे म्हणजे "थ्रेश". सुपात पाखडणे किंवा वाऱ्यावर उफणणे म्हणजे "विनो". दळणे म्हणजे "ग्राइंड" आणि कणीक मळणे म्हणजे "नीड". या नीडच्या स्पेलिंगमध्ये आरंभी के असतो, पण तो मुका. गंमत म्हणजे बी पेरणे आणि कपडा शिवणे, दोन्हींचा उच्चार "सो" असाच. लिहिताना मात्र पेरणीत मधे ओ येतो आणि शिवणात ई.

यातले पुष्कळ शब्द आपल्याला अर्धे ठाऊकच आहेत. मराठीत नांगर या नामाला "णे" लावले की नांगरणे होते. इंग्रजीत काही लावावेच लागत नाही. मिल्क म्हणजे दूध आणि धार काढणे हेही "मिल्क"च. वॉटर म्हणजे पाणी आणि झाडांना पाणी घालणे हेही "वॉटर". कोम म्हणजे कंगवा आणि केस विंचरणे हेही "कोम". वीड म्हणजे तण आणि तण काढणे हेही "वीड". म्हणजे एका शब्दात दोन शब्द मिळाले.

आता कोणी म्हणेल, शब्दकोश घ्या आणि पाठ करा. माझे मत याच्या उलट आहे. चित्र बघून शिकावे, नुसते पाठ करू नये. शब्दकोशात तोडणे म्हणजे "ब्रेक" असे सापडते. मग "ती फुले तोडते" याचे "शी इज ब्रेकिंग द फ्लॉवर्स" होते, आणि ऐकणाऱ्याला वाटते, ही बाई फुलांचे तुकडे का करते? तिथे "पिक" हवे. भेंडी तोडणे, कापूस वेचणे, मिरच्या तोडणे, सगळ्याला "पिक". मराठीत आपण भाजी चिरतो, केस कापतो, कापड कातरतो, पण इंग्रजीत या तिन्हींना "कट" चालते. बाळाला भरवणे, बैलाला वैरण घालणे, कोंबड्यांना दाणे टाकणे, सगळे "फीड". उलट आपण सायकलही चालवतो आणि ट्रॅक्टरही चालवतो, पण इंग्रजीत टांग टाकून बसायचे ती "राइड" आणि बसून गाडी हाकायची ती "ड्राइव्ह". म्हणून सायकल, मोटारसायकल, घोडा यांना राइड. ट्रॅक्टर, जीप, बैलगाडी यांना ड्राइव्ह. हे चित्रात चटकन कळते.

दुसरी गोष्ट बसण्या-उठण्याची. "आजोबा पारावर बसले आहेत" असे आपण म्हणतो. इंग्रजीत मात्र "ग्रँडफादर इज सिटिंग" म्हणायचे. याचे शब्दाला शब्द मराठी केले तर "आजोबा बसत आहेत" होईल, म्हणजे आजोबा अजून टेकलेलेच नाहीत! तसेच उभे राहिले आहेत याला "स्टँडिंग" आणि झोपले आहेत याला "स्लीपिंग". टोपीचे याहून वेगळे. टोपी डोक्यावर चढवीत असेल तर "पुटिंग ऑन" आणि आधीच घातलेली असेल तर "वेअरिंग". लुगडे नेसणे, फेटा बांधणे, बांगड्या भरणे, चष्मा लावणे यांना मराठीत वेगवेगळी क्रियापदे आहेत. इंग्रजीत अंगावर असलेल्या सगळ्याला "वेअर" पुरते. इथे मराठी श्रीमंत आहे, हेही इंग्रजी शिकता शिकताच कळते.

आयएनजी लावताना स्पेलिंगकडेही लक्ष द्यावे. सिटला लावताना टी दोनदा येतो. राइटला लावताना शेवटचा ई गळतो. टाय म्हणजे बांधणे, त्याला लावताना आयई जाऊन वाय येतो.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. मराठीत तो धुतो, ती धुते. क्रियापदावरून पुरुष की बाई ते कळते. इंग्रजीत "ही इज वॉशिंग" आणि "शी इज वॉशिंग". वॉशिंग तेच. रोजचे काम सांगायचे तर "ही वॉशेस, शी वॉशेस", तेही सारखेच. म्हणजे काम ते काम, मग ते कोणीही करो. मग चित्रातच का बरे कुकिंग नेहमी आईकडे आणि रीडिंग नेहमी बापाकडे? २०१९ साली बालभारतीने इयत्ता दुसरीचे नवे पुस्तक काढले. त्यात बाई आणि बाप्या दोघे मिळून भाजी निवडताना दाखवले आहेत. हे पाऊल चांगले होते. आता आपण आपल्या भिंतीवर त्याच्या पुढचे पाऊल टाकावे. भाजी निवडणारा बाप हवा, तशी पाभरीवर मूठ धरणारी आईही हवी.

पालकहो, आता तुमच्यासाठी. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. त्याआधी ते पाचवीपासून असे. तुमच्यापैकी कित्येक म्हणतात, "आमाला कुठं इंग्रजी येतंय? तुमचं तुमी बघा." पण शब्द आम्ही पुस्तकातून आणू, काम तर तुम्हालाच येते! उफणताना पाटी कोणत्या बाजूला धरायची, वारा कुठून यायला हवा, हे चित्रात बरोबर यायचे तर तुम्हीच सांगायला हवे. तेव्हा आम्हाला इंग्रजी शिकवण्यात तुमचा वाटा आहे.

माझी सूचना साधी आहे. सातवीने एक नवा तक्ता करावा. प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका माणसाचे एक काम चित्रात काढावे आणि खाली तीन ओळी लिहाव्यात: मराठी वाक्य, आत्ता करीत आहे असे इंग्रजी वाक्य, रोज करते असे इंग्रजी वाक्य. नमुना देते. "आई गाईची धार काढत आहे. मदर इज मिल्किंग द काऊ. मदर मिल्क्स द काऊ एव्हरी डे." शब्द अडला तर बाईंना विचारावे. चित्र वेडेवाकडे आले तरी चालेल, पण काम खरे असावे. लोहाराचा भाता, शिंप्याची सुई, हापशावरची रांग, दूध डेअरीवरचे माप, सगळे येऊ द्या. वर्गात चाळीस मुले असली तर चाळीस क्रियापदे होतील.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? कामे डोळ्यांसमोर आहेत, फक्त कागद आणि खडू हवेत. पुढच्या पालक सभेला तो तक्ता या भिंतीवर लागावा आणि प्रत्येक आईने त्यात स्वतःला बोट दाखवून ओळखावे, अशी माझी इच्छा आहे. मग "आई काय करते?" याला कोणी "नथिंग" म्हणून पाहावेच!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी