विश्लेषण : राम तोच, सीताही तोच!

मिलेन फार्मेरचं ‘सां कोंत्रफासाँ’ हे १९८७ मधलं फ्रेंच पॉप गाणं. गायिका त्यात स्वतःला बिनधास्त मुलगा म्हणवते. फ्रान्समध्ये ते तुफान गाजलं. नाशिककरांना याचं नवल वाटायला नको.

दादासाहेब फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) बाई मिळेना, म्हणून त्यांनी मुंबईतल्या हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंकेंना तारामती केलं. पुढे बिऱ्हाड नाशिकला हललं. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही साळुंकेच! प्रेक्षकांनी चित्रपट डोक्यावर घेतला.

पण फरक आहे, आणि गल्लत तिथेच होते. साळुंकेंची साडी चित्रीकरण संपलं की उतरायची. गाण्यातली ‘मी’ भूमिका करत नाही, ती स्वतःची ओळख सांगते. ही ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ‘नाल्सा’ खटल्यात १५ एप्रिल २०१४ रोजी मान्य केला. पडद्यावरच्या साडीला टाळ्या देणारे आपण, घर भाड्याने देताना मात्र आधी भाडेकरूचा आवाज ऐकतो, मग कपडे न्याहाळतो आणि ‘खोली कालच गेली’ म्हणतो.